लॉबीतलं घर

"मॅडम, ते नदीचं जरा बघा ना."

बोरिवलीच्या टॉवरमध्ये रुजू झाल्यावर माझ्याकडे आलेली पहिली तक्रार ही. फोनवर अठ्ठाविसाव्या मजल्यावरचे एक गृहस्थ होते. मे महिना होता. दहिसर नदीत पाणी म्हणून जे काही उरलं होतं ते काळंकुट्ट होतं आणि त्याचा वास पार वरपर्यंत पोचत होता. "आम्ही रिव्हर व्ह्यूचा फ्लॅट घेतलाय, वासाचा नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, लिफ्ट बंद पडली तर मी माणूस बोलावते, पंप जळला तर माणूस बोलावते. नदीचा माणूस माझ्याकडे नाही हो." ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखी तक्रार दिली. ती बहुधा अजून प्रलंबित असेल.

मी फॅसिलिटी मॅनेजर होते. नाव भारदस्त आहे, पण काम सांगायला गेलं की नातेवाइकांना वाटतं मी वॉचमन सांभाळते. ते चूकही नाही. पाणी, वीज, लिफ्ट, जनरेटर, सांडपाणी, सफाई, सिक्युरिटी हे सगळं चालतं ठेवायचं आणि ते कसं चालतं हे राहणाऱ्यांना कळूही द्यायचं नाही, असं ते काम. नळ सोडला की पाणी आलं पाहिजे, बटण दाबलं की लिफ्ट आली पाहिजे. माझी आठवण कुणाला आली, म्हणजे काहीतरी बिघडलंय. आधी मी हॉटेलात हाउसकीपिंगला होते, तिथून या धंद्यात आले. बाई म्हणून सुरुवातीला पंप ऑपरेटर माझ्याकडे बघून गालात हसायचे. मोटरचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय हे मी सांगायला लागले, तेव्हा थांबले.

पण या धंद्यातली खरी कला यंत्रांची नाही. वेगवेगळी माणसं एकमेकांना दिसू नयेत याची आहे. राहणारे पुढच्या लिफ्टनं जातात. मोलकरणी, दूधवाले, कचरा, फर्निचर आणि मयत हे सगळं सर्व्हिस लिफ्टनं. हो, मयतसुद्धा. स्ट्रेचर त्याच लिफ्टमध्ये मावतं, हे खरं कारण. पण लिफ्ट थेट तळघरात न्यायची, शववाहिनी तिथंच उभी करायची आणि मागच्या रॅम्पनं बाहेर काढायची, हा नियम मात्र जागेचा नव्हता. लॉबीत कुणाच्या डोळ्यांसमोर मरण येऊ नये, म्हणून तो होता. आमच्या सोसायटीनं तो रीतसर सभेत मंजूर केलेला होता.

ही परबांची गोष्ट सांगायची तर आधी ती जागा सांगायला हवी. टॉवर उभे राहिले त्या जमिनीवर पूर्वी चारमजली इमारतींची एक साधी वसाहत होती. रंग उडालेल्या भिंती, नदीकडच्या बाजूला शेवग्याची झाडं, पावसाळ्यात तळमजल्यात गुडघाभर पाणी. बिल्डरनं ती पाडली आणि जुन्या रहिवाशांना नव्या टॉवरच्या खालच्या मजल्यांवर फ्लॅट दिले. वरचे मजले विकले. कागदोपत्री सगळे सारखेच मेंबर. पण लिफ्टमध्ये सात किंवा त्याखालचं बटण कुणी दाबलं की बाकीच्यांना कळायचं, हे जुने.

विश्वनाथ परब आणि सुमनकाकू सातव्या मजल्यावर राहायचे. काका कांदिवलीच्या एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यात होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. काकूंनी जुन्या घरी तीसेक वर्षं शिवणाचा क्लास चालवला होता. एकुलती एक मुलगी मीनल, ती मुलुंडला सासरी. जुनी इमारत पाडल्यावर ही दोघं भाड्याच्या जागांमध्ये फिरत राहिली, आणि त्या फिरण्यातच काकूंची स्मरणशक्ती सुटत गेली. नव्या घरात आल्या तेव्हा नवऱ्याला ओळखत होत्या, मुलीला बहुतेक वेळा ओळखत होत्या. घर मात्र ओळखत नव्हत्या.

मला त्या पहिल्यांदा भेटल्या त्या लॉबीत. आमची लॉबी म्हणजे दुमजली उंचीची, संगमरवरी, छताला काचेचं झुंबर आणि पांढऱ्या कातड्याचे लांबलचक सोफे. त्या सोफ्यांवर कुणी बसत नसे. ज्यांना बसायची परवानगी होती ते थेट लिफ्टकडे जात, आणि ज्यांना टेकायची गरज होती त्यांना परवानगी नव्हती. त्या दुपारी पाहते तर तिथं एक पार्सलवाला, धुणीभांडी करणाऱ्या दोन बायका आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा एक म्हातारा, असे ओळीनं बसलेले. समोर सुती पातळातल्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई उभ्या राहून म्हणत होत्या, "अहो, टेका नीट. पाणी आणते. उन्हातनं आलात."

सिक्युरिटी सुपरवायझर यादवजी हात चोळत माझ्याकडे आले. "मॅडम, माताजी सबको बिठा रही हैं. मना करें तो हमको भी बिठा देती हैं."

मी पुढे झाले. काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तू ती वरची नवीन भाडेकरू ना?" म्हणाल्या. मग माझ्या युनिफॉर्मच्या कोटाला हात घातला. "खांदा चुकलाय गं याचा. कुणी शिवला? काढून ठेव, उद्या नीट करून देते."

खांदा खरंच चुकलेला होता. कंपनीनं सगळ्यांना एकाच मापाचे कोट दिले होते.

तेवढ्यात काका धापा टाकत खाली आले. पायात दोन वेगळ्या चपला. "काय करतंस गे हय?" त्यांनी मालवणीत हळूच विचारलं. "चल, घराक जावया."

"घरातच आसंय मगे," काकू म्हणाल्या. "पाहुणे इले हत, दिसनत नाय?"

काकांनी वाद घातला नाही. ते काकूंच्या शेजारी बसले, पार्सलवाल्याची चौकशी केली, आणि सगळे एकेक करून उठून गेल्यावर म्हणाले, "चल, आता वरच्यांकडे जाऊन येऊया." त्या लगेच उठल्या. वरच्यांकडे जायला त्यांची हरकत नव्हती. घर म्हणून वर जायला होती.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या ऑफिसात आले. मला वाटलं माफी मागायला आले असतील. त्यांनी मला लॉबीत नेलं आणि चपलेच्या टोकानं संगमरवरावर दाखवायला लागले. "इथं आमचा दरवाजा. इथं शिवणाचं मशीन, उजेडाला. तिथं ते झाड ठेवलंय ना कुंडीतलं, तिथं ओटा. आणि तुमच्या त्या रिसेप्शनच्या जागी मोरी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दोन नंबरच्या इमारतीचा तळमजला बरोब्बर इथं होता. ती वेडी नाही हो, मॅडम. पत्ता ती बरोबरच सांगते."



त्यानंतर हे रोजचंच झालं. दुपार कलली की काकू खाली येत, मागून काका. दार कायम उघडं असलेल्या घरात आयुष्य गेलेल्या त्या बाई. काचेचा दरवाजा आपोआप उघडला की त्यांना वाटे, कुणीतरी आलं. "या, बसा," म्हणत उठायच्या. काही लोकांना गंमत वाटायची. बाविसाव्या मजल्यावरची कॉलेजात शिकवणारी एक बाई तर रोज दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसायची. पण बहुतेकांना ते आवडेना. सोफ्यावर घामेजलेली माणसं बसतात, डाग पडतात, बाहेरचे आत रेंगाळतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो यायला लागले.

सेक्रेटरी देशमुखसाहेबांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या आईला शेवटपर्यंत घरी ठेवून सांभाळलेला. पण पदावर बसलेला. "वर्षा, मला कळतं गं," ते म्हणाले. "पण उद्या त्या गर्दीतनं कुणी आत घुसलं, चोरी झाली, तर उत्तर तू देणार की मी?"

"मग काय करू? त्यांना खाली येऊ देऊ नको?"

"तसं मी म्हटलं का? त्या येऊ देत. बाकीचे नकोत."

"त्या बाकीच्यांसाठीच येतात, साहेब."

ते चष्मा पुसत बसले. शेवटी मीच मार्ग काढला. लॉबीच्या कोपऱ्यात, टपालपेट्यांपाशी, खांबाच्या आडोशाला जागा होती. तिथं क्लबहाउसच्या स्टोअरमधल्या चार साध्या खुर्च्या आणून मांडल्या आणि पाण्याचा जग ठेवला. कुरिअरवाल्यांना, कामवाल्यांना गेटवरून फोन लागेपर्यंत थांबावं लागतंच. ते इथं थांबतील. सोफे मोकळे, काकू खूश, आणि फोटोत खांबामागचं काही दिसत नाही. माझ्या नोकरीत मी जनरेटर बदलले, टाक्यांची गळती थांबवली, पण अभिमान वाटतो तो त्या चार खुर्च्यांचा. काका नंतर मला म्हणाले, "वर्षाताई, तुम्ही आमची बैठकीची खोली परत दिलीत." मॅडमची ताई त्या दिवशी झाले.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. काकूंचं बोलणं कमी होत चाललं होतं, पण खुर्चीत बसल्या की चेहऱ्यावर उजेड असायचा. काका मात्र थकत होते. रात्री ती उठते, दार उघडते, म्हणून ते दाराला पाठ लावून झोपायचे. मीनल मुलुंडहून आठवड्यातून दोनदा यायची, नोकरी सांभाळून. "बाबा, माझ्याकडे चला दोघं," म्हणायची. काका म्हणायचे, "अगो, इथं तिला निदान खालचं घर तरी सापडतंय. तुझ्याकडे काय सापडणार?"

मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, तुमची तपासणी करून घ्या. चेहरा उतरलाय."

"करतो," म्हणाले. "तिला बघायला कुणी बसलं की करतो." मी बसते म्हणाले होते. दोनदा ठरलं, दोनदा काकाच म्हणाले, आज नको.

जानेवारीतल्या एका दिवशी पंप बिघडला म्हणून मी पहाटे पाचलाच पंपरूममध्ये होते. यादवजींचा वॉकीटॉकीवर आवाज आला, "मॅडम, लॉबी में आइए. माताजी अकेली आई हैं." मी धावत वर आले. काकू त्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या. केस मोकळे, हातात चहाचा कप, तो गच्च भरलेला. सात मजले लिफ्टनं खाली आल्या तरी थेंब सांडला नव्हता.

"हे उठतच नाहीत," त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. "चहा निवला."

मी सातव्या मजल्यावर गेले. घराचं दार सताड उघडं होतं. दारापाशीच, दारासोबत बाजूला सरकलेल्या चटईवर, काका कुशीवर झोपलेले. मी हात लावला आणि मला कळलं. आमच्या आवारातले डॉक्टर येऊन गेले, त्यांनीही तेच सांगितलं. झोपेतच गेले होते.

मीनल आणि तिचा नवरा आले. मीनल आधी बापाच्या उशाशी बसून रडली, मग डोळे पुसून आईला बोलवायला खाली गेली. काकू वर यायला तयार होईनात. तोपर्यंत बातमी पसरून जुने मेंबर जमायला लागले होते. शिवणाच्या क्लासला आलेल्या, आता स्वतः आज्या झालेल्या बायका दहिसरहून, गोरेगावहून येत होत्या. काचेचं दार उघडत होतं आणि काकू प्रत्येकाला म्हणत होत्या, "या, बसा. हे अंघोळीला गेलेत, येतीलच इतक्यात." इतके पाहुणे त्यांच्याकडे कित्येक वर्षांत आले नव्हते. त्या आनंदात होत्या. आलेल्या बायका तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळत होत्या.

"आई, बाबांना शेवटचं बघून घे गं," मीनल त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसून म्हणत होती.

"घरात एवढी माणसं टाकून कुठं येऊ?"

तयारी झाली. नियमाप्रमाणे शववाहिनी तळघरात उभी होती. मीनल म्हणाली, आईला निदान तळघरात नेऊया. आम्ही दोघींनी काकूंना धरून जिन्यानं खाली नेलं. तिथं ट्यूबलाइटचा निळसर उजेड, गाड्यांच्या रांगा, एक्झॉस्ट पंख्यांची घरघर. काकू दोन पावलं गेल्या आणि थरथरायला लागल्या. "हे कुठं आणलंत मला? घरी न्या. घरी न्या मला." मीनलचा हात त्यांनी इतका घट्ट आवळला की त्यावर नखं उठली. आम्ही त्यांना पुन्हा लॉबीत आणलं. मीनल खांबाला टेकून उभी राहिली. मला म्हणाली, "राहू दे, वर्षाताई. नाहीच बघणार ती. नेऊया बाबांना."

मी देशमुखसाहेबांना फोन लावला. "साहेब, परबकाकांना लॉबीतनं नेतेय."

"वर्षा, नियम आहे."

"माहीत आहे. मी विचारायला नाही, सांगायला फोन केलाय."

"लोक ऑफिसला निघायची वेळ आहे ही. मुलं शाळेला जातात."

"हे त्यांचं घर होतं, साहेब. दरवाजा इथंच होता."

त्यांनी फोन ठेवला. होही म्हणाले नाहीत, नाहीही.

सर्व्हिस लिफ्ट तळमजल्यावर मागच्या बोळात उघडते. त्या बोळाचं लॉबीत येणारं काचेचं दार कायम कुलूपबंद असायचं. मी ते उघडलं. यादवजी आणि त्यांच्या माणसांनी टोप्या काढल्या आणि जावयासोबत काकांना उचलून आत आणलं. झुंबराखाली, शिवणाचं मशीन असायचं त्या जागी, खाली ठेवलं.

काकू उठल्या. त्या हळूहळू जवळ आल्या, वाकल्या, त्यांनी काकांच्या कपाळावरून हात फिरवला. शालीची कड दुमडली होती, ती सरळ केली.

"दमलात ना?" त्या म्हणाल्या. "निजा जरा."

मग वळून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

लिफ्ट खाली येत होत्या, दारं उघडत होती. लॅपटॉपच्या बॅगा घेतलेले लोक बाहेर पाऊल टाकत आणि तिथंच थांबत. कुणी फोन बंद केला. एका बाईनं मुलाला जवळ ओढलं, पण त्याचे डोळे झाकले नाहीत. डावीकडच्या लिफ्टमधून देशमुखसाहेब आले. सगळ्यांसारखेच ऑफिसच्या कपड्यांत. ते पुढे आले नाहीत. बूट काढून लिफ्टपाशीच हात जोडून उभे राहिले.

शववाहिनी वर बोलावून घेतली आणि काकांना पुढच्या दारानं नेलं. काकू दारापर्यंत आल्या. "सावकाश न्या," एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या.

त्यांना ते कळलं होतं का, असं मला खूप जणांनी विचारलं. मला माहीत नाही. त्या दुपारीच त्यांनी मीनलला विचारलं, "हे कुठं गेलेत?" मीनलनं खरं सांगितलं. काकू धाय मोकलून रडल्या, जणू पहिल्यांदाच ऐकलं. तासाभरानं पुन्हा विचारलं. पुन्हा मीनलनं सांगितलं, पुन्हा तेच रडणं. तेराव्यापर्यंत मीनल म्हणायला शिकली, "बाबा बाजारात गेलेत." दिवसातून कितीतरी वेळा स्वतःच्या बापाला बाजारात पाठवायचं आणि स्वतःचं रडणं न्हाणीघरात उरकायचं.

महिन्याभरात ती आईला मुलुंडला घेऊन गेली. निघताना काकू गाडीत बसायला तयार नव्हत्या. "घर उघडं टाकून कुठं?" म्हणत होत्या. यादवजी म्हणाले, "माताजी, हम हैं ना. हम देखेंगे." तेव्हा बसल्या. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्यानं गेला.

मला कंपनीनं घाटकोपरच्या साइटवर पाठवलं. शिक्षा म्हणून असं कुणी म्हटलं नाही. सोसायटीच्या तीन-चार मेंबरांनी तक्रार केली होती, आणि मॅनेजर बदलणं सगळ्यांत सोपं असतं. देशमुखसाहेबांनी माझी बाजू घेतली म्हणे. नंतर तिथल्या नव्या मॅनेजरकडून कळलं की मयत तळघरातून न्यायचा नियम तसाच आहे. त्या एका सकाळपुरता काय तो मोडला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. निदान एवढं तरी बदलेल असं वाटलं होतं.

निवृत्त झाल्यावर मी एकदा मुलुंडला गेले. मीनलचं घर लहान पण नीटनेटकं. काकू खिडकीपाशी पलंगावर बसल्या होत्या, केस कापून बारीक केलेले. मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. मी कोट घातलेला नव्हता, पण घातला असता तरी त्यांनी पाहिला नसता. मीनलनं मऊ वरणभात कालवून आणला. मी चमच्यानं भरवला. त्या निमूटपणे खात होत्या. बाहेर सोसायटीत कुणाच्या तरी मुलीचं लग्न होतं, सनई वाजत होती, त्यांनी मान वळवली नाही.

"आता काही त्रास नाही बघ," मीनल म्हणाली. "दार उघडत नाही, रात्री उठत नाही. बाबा कुठंयत, तेही विचारत नाही."

मी म्हटलं, "तुला जरा विसावा मिळाला."

ती मला सोडायला खाली आली. रिक्षा मिळेपर्यंत आम्ही गेटपाशी उभ्या होतो. मीनल रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, "वर्षाताई, एवढी वर्षं रोज म्हणायची ना, घरी जायचंय, घरी जायचंय. मी किती चिडायचे तिच्यावर. गणपतीपासून ती घरी जायचं म्हणतच नाही."

रिक्षा आली होती. मी बसले नाही. रिक्षावाल्याला जायला सांगितलं, आणि मीनलला घेऊन पुन्हा वर गेले.